सहा इंची पायरी

“वहिनीला बोलवा बरं जरा,” मुंजाजी रिकाम्या हौदात उभा राहून म्हणाला. “पाय किती उचलतो ते बघू द्या. मंग पायरी धरतो.”

तातेराव काठावर उभे होते. सव्वा वर्ष ज्या माणसाची वाट पाहिली तो आज छिन्नी-हातोडा घेऊन आला होता, आणि आल्या आल्या नेमकं नको ते मागत होता. त्यांची बायको द्वारकाबाई वारून सात महिने झाले होते. हे सांगितलं की मुंजाजी काय म्हणणार ते तातेरावांना पाठ होतं, कारण अख्खं कुरुंदा गाव तेच म्हणत होतं. आता कशाला?

“ती पुण्याला गेलीय. मंजुषाकडं,” ते म्हणाले.

मंजुषा त्यांची मुलगी. ती पुण्याला होती, एवढं तरी खरं होतं.

तातेराव वायरमन होते. तीस वर्षं खांब चढण्यात गेली. लाईट गेली की लोक फोन करत, आणि हे ‘निघालोच’ म्हणून निवांत भाकरी संपवत. निवृत्तीनंतर तेच ‘निघालोच’ मुंजाजी त्यांना ऐकवत होता. पेरावं तसं उगवतं, दुसरं काय!

द्वारकाबाईंचे गुडघे गेले तेव्हा नांदेडचा डॉक्टर म्हणाला होता, रोज छातीभर पाण्यात वीस फेऱ्या चाला. हळदीच्या रानात छातीभर पाणी कुठून आणायचं? विहिरीत पोहता येतं, चालता येत नाही. म्हणून शेतातल्या घरामागे तातेरावांनी छोटा स्विमिंग पूल बांधायला काढला. गावाने त्याला हौद म्हणून टाकलं आणि वायरमनला म्हातारपणी शॉक लागला, असंही म्हणून घेतलं.

मुंजाजी औंढ्याचा गवंडी, हयात विहिरी बांधण्यात गेलेला. त्याने हौद असा बांधला की थेंब गळणार नाही. पण पायऱ्या केल्या विहिरीच्या. दीड-दीड फुटाच्या, धरायला काही नाही. पाणी भरलं त्या दिवशी द्वारकाबाई पदर खोचून आल्या आणि काठावरच बसून राहिल्या. “अवं, आधी मला खांब चढायला शिकवा, मंग ह्यात उतरवा,” म्हणून हसल्या. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. “त्याला म्हणावं, नीट करून दे,” एवढंच म्हणाल्या. पुढे रोज विचारायच्या, “आला का मुंजाजी?” श्रावणात तापाचं निमित्त झालं. चार दिवसांत गेल्या.

मग हौदात पाला साचला. कुणी म्हणालं बुजवा, कुणी म्हणालं हळदीचं बेणं ठेवा. तातेराव हट्टाला पेटले. औंढ्याला जाऊन मुंजाजीच्या दारात रोज सकाळपासून दुपारपर्यंत बसले. बोलले काहीच नाहीत, नुसते बसले. तिसऱ्या दिवशी मुंजाजी शरमून निघाला.

“वहिनी न्हाईत तर माप कसं घ्यावं?” मुंजाजीने डोकं खाजवलं. “मागल्या टायमाला माझ्याच पायावर घेतलं, तितंच चुकलं.”

“थांबा.”

तातेराव त्या दीड फुटाच्या पायऱ्यांवरून बसत-घसरत खाली उतरले. भिंतीला हात टेकून त्यांनी डावा पाय उचलला. “डावा इतका. उजवा ह्याच्याबी खाली. आन दोन्ही पाय एका पायरीवर आल्याबिगर ती पुढं जात न्हाई.” चार वर्षं तिचा कोपर धरून त्यांनी तिला चालवलं होतं. स्वतःच्या पायापेक्षा तिचा पाय त्यांना जास्त ठाऊक होता.

मुंजाजीने विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ ओढली, टेप लावला. “सहा इंच. बराबर.”

तीन दिवस काम चाललं. तातेराव त्याला चहा बाहेर लिंबाखालीच द्यायचे, घरात बोलवायचे नाहीत. पुढच्या खोलीत फोटो होता, फोटोला हार होता. मुंजाजी बोलका. दिवसातून दोनदा विचारायचा, “वहिनी कधी येऊन राहिल्या?”

“येईल. नातीची परीक्षा हाय.”

“फोन येतो का?”

“येतो की. तुमाला च्या बराबर देतो का, म्हणून विचारलं तिनं.”

मुंजाजी खुशीत हसला. तातेरावही हसले, आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. पण खोटं सोडवेना. सात महिन्यांत तिचं नाव काढणारा हा पहिलाच माणूस होता. गाव तर तिचा विषय निघाला की पावसापाण्याचं बोलायला लागायचं. त्या संध्याकाळी त्यांनी परातीत पीठ घेतलं ते दोघांपुरतं.

आठ दिवसांनी, सिमेंट मुरल्यावर, पाणी भरायला मुंजाजी मुद्दाम आला. पायऱ्यांशेजारी धरायला बसवलेली लोखंडी दांडी हाताला बोचू नये म्हणून पॉलिशपेपरने पुन्हा घासली. बोअरचं पाणी छातीभर चढल्यावर हात पुसत म्हणाला, “लावा फोन वहिनीला. लई तकलीफ दिली मी. माफी मागतो.”

तातेरावांनी खिशातून फोन काढला. तो तसाच परत खिशात ठेवला.

“न्हाई ती, मुंजाजी. श्रावणातच गेली.”

मुंजाजीने हात पुसायचं फडकं काठावर ठेवलं. म्हणाला, “मंग काहून करून घेतलं हे?”

“ती म्हणली होती, नीट करून घ्या. नंतर नको म्हणली न्हाई.”

“आन मला पुण्याचं काहून सांगितलं?”

“काम टाकून जाल म्हणून,” तातेराव म्हणाले. मग खरं तेही सांगितलं. “तुमी इचारत होता ना, कधी येऊन राहिल्या म्हणून. बरं वाटायचं.”

मुंजाजीने अवजारं गोळा केली. जाताना तो घरात गेला, फोटोपुढे हात जोडून उभा राहिला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

तातेरावांनी सदरा काढून लिंबाच्या फांदीला अडकवला. दांडी धरून ते उतरले. डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी, मग पुढची पायरी. पाणी गार होतं. वीस फेऱ्यांचं मनात होतं, अकराव्या फेरीलाच दम लागला. बाहेर येताना मात्र कुठेच अडखळायला झालं नाही, दांडी नेमकी हात जाईल तिथेच होती.

काठावर बसून त्यांनी अंग पुसलं. पायऱ्या खरंच चांगल्या झाल्या होत्या. हे आता कुणाला सांगावं, ते त्यांना सुचेना.