आरशाकडे जाणारा डोळा

बसड्रायव्हरच्या उजव्या डोळ्यात आत गाठ होती आणि तिच्यावर किरणांचा मारा करायचा होता. पण पहिलाच दिवस फुकट चालला होता. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट जाळी, दातांत ठोकळा, पापण्या चिमट्यांनी ताणलेल्या, समोर एक लाल ठिपका. पाऊण मिनिट फक्त त्याच्याकडे बघत राहायचं, एवढंच काम, आणि नेमकं तेवढंच जमत नव्हतं. दर चार-पाच सेकंदांनी डोळा आपला वर पळायचा, शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर ते टेक्निशियन बाईंना दिसायचं आणि मशीन बंद व्हायचं.

असं पाच वेळा झालं. बत्तीस वर्षं गाडी हाकताना आला नाही तेवढा कंटाळा त्याला या खुर्चीत आला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, नजर स्थिर राहिली नाही तर डोळा काढावा लागेल.

बाईंनी येऊन ठोकळा काढला. "काका, वर काय बघता?"

"आरसा."

"इथे आरसा नाही."

"ते मला कळतंय हो, डोळ्याला कोण समजावणार? मागे माणसं असतात. कोण उभं राहिलं, कुणाचं पोर दाराशी गेलं, बघावंच लागतं."

बाईंना हसू आलं नाही. त्याही सकाळपासून उभ्याच होत्या. "शेवटचं एकदा बघू," म्हणाल्या आणि ठोकळा बसवून बाहेर गेल्या. ड्रायव्हरने डोळ्याची आशा जवळजवळ सोडली. भीती होतीच, पण तो भीतीपेक्षा जास्त दमला होता.

भिंतीतला स्पीकर खरखरला. आवाज बायकोचा होता. बाईंनी तिला बाहेरच्या बाकावरून उठवून, आरशाचं सांगून माइकपाशी आणलं होतं.

"अहो, मागे बघू नका. सगळे उतरले."

वर निघालेला डोळा जागीच थांबला. ती खोटं बोलत नव्हती. डोळा वाचला तरी नजर मंदावणार आणि गाडी पुन्हा हातात मिळणार नाही, हेही डॉक्टर बोलले होते. बत्तीस वर्षांची माणसं खरंच उतरून गेली होती. त्याला फार वाईट वाटलं आणि ताणलेल्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

"मी तेवढी बसलेय," बायको म्हणाली. "मला कुठे उतरायचं नाही. सावकाश चालवा."

पाऊण मिनिट झाल्यावर मशीन आपोआप बंद झालं. डोळा ठिपक्यावरच होता.