तळहातावरच्या माशा

सकाळी आठ वाजताच हिंगणीत रूपरावांच्या पेरूच्या बागेत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पाटावर बसलेल्या भस्मानंद महाराजांनी रुमालाने तळहात पुसला, रुमाल बाजूला टाकला आणि डोळे मिटून पुकारा केला, "आव, आव! किसने भेजा, बताव!"

पाहता पाहता कुठून कुठून माशा आल्या आणि नेमक्या त्या तळहातावर दाटीने बसल्या. शेजारच्या कोणाच्या हातावर एकही नाही! बायांनी हात जोडले.

"माशी नव्हे ही!" महाराज गरजले. "धाडलेले दूत! हुकूम आपला मानतात, नाव धन्याचं सांगतात!"

मग त्यांनी एक पेरू उचलला. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सोडला तर साल अगदी अभंग. कापला, तर आत अळ्यांची वळवळ. "दार बंद, मग चोर आत शिरला कसा? करणी!"

इतका गोड शब्द रूपरावांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. धुऱ्यापलीकडे, म्हणजे सामाईक बांधाच्या पलीकडे, तानबाची बाग होती. दोघांनी एकाच दिवशी, एकाच गाडीतून रोपे आणली होती. आज रूपरावांचे पेरू सडून गळत होते आणि तानबाचे पेरू वर्ध्याच्या बाजारात नाव काढत होते. एका पहाटे रूपरावांनी त्याच्या झाडाचा एक पेरू चोरून कापला होता. निदान एक तरी अळी निघावी, एवढेच त्यांचे देवाजवळ मागणे होते. आत पांढराशुभ्र गर निघाला, आणि दोन्ही फाका त्यांनी पायाखाली चिरडल्या.

तेव्हापासून ते पाळत ठेवू लागले. तानबाची बायको प्रमिलाबाई रोज सांजेला झाडाझाडाखाली वाकून पिशवीत काहीतरी भरी आणि खड्ड्यात पुरी. झाडांना तिने कसल्याशा डब्याही टांगल्या होत्या. हे सारे रूपरावांनी महाराजांच्या कानी घातले. प्रमिलाबाई त्यांना वर्षानुवर्षे राखी बांधत आली होती, हे तेवढे सांगायचे राहिले. महाराजांनी हुकूम सोडला होता, "गळलेलं फळ उचलू नका. उचललं की करणी घरात शिरते." तीन आठवडे फळे झाडाखालीच कुजत होती.

"आता नाव निघेल," महाराजांनी डोळे उघडले. "धुऱ्यापलीकडची बाई..."

सगळ्या माना वळल्या. धुऱ्यावर उभ्या प्रमिलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबा महाराज!" तिची मुलगी अंजू पुढे आली. कृषी पदविका घेऊन ती घरची बाग पाहत असे. तिने पाटाजवळचा रुमाल उचलला आणि रूपरावांच्या मोटारसायकलच्या सीटवर पसरला. थोड्याच वेळात सीट माशांनी भरली.

"आता गाडीनं कोनावर करनी केली, मामा?"

"रूपरावभाऊ, गाडीच्या अंगात आलं तुमच्या!" मागून कोणी ओरडले आणि गर्दीत खसखस पिकली.

"रुमाल हमारा सिद्ध है!" महाराज ओरडले.

"सिद्ध नाई, त्यावरचा वास कृषी केंद्रातला हाय." अंजूने धुऱ्याजवळच्या आपल्या झाडावरची डबी काढून आणली. "घ्या मामा, वास घ्या."

रूपरावांनी आधी रुमाल हुंगला, मग डबी. दोन्हींना तोच लवंगेसारखा वास.

"याले मिथाईल युजेनॉल म्हनतात. नर फळमाशी या वासानं लांबून ओढली येते अन् डबीच्या सापळ्यात अडकून मरते. हे सारे नरच हायेत. फळाले डंख मारते मादी. सालीत सुई खुपसून अंडी घालते, तोच हा ठिपका. अंडी आत फुटतात, अळी आतच वाढते. दार बंदच होतं महाराज, चोर आतच जन्मला!"

"मंग तुही माय खड्ड्यात काय पुरून राह्यली?" रूपराव अजून हटेनात.

"गळलेले पेरू, मामा, हातभर खोल. फळातून निघालेली अळी मातीत शिरते, कोष करते, त्यातून नवी माशी निघते. तुमी तर तिले तीन आठवडे गादी घालून देली. उकरून पाहा."

रूपरावांनी गुडघे टेकून दोन बोटे माती उकरली. तांदळाच्या दाण्यांएवढे तपकिरी कोष मूठभर हाती आले. त्यातला एक तळहातावरच हलला.

महाराज झोळी आवळत होते. पोरांनी वाट अडवली. "ठाण्यात फोन लावला हाय," अंजू म्हणाली. "बाईले करनीवाली ठरवनं गुन्हा हाय."

"बोला न महाराज, नाव बोला!" गर्दीतून टोमणा आला.

"ते काय बोलतीन?" रूपराव उठले. मूठ मिटलेलीच होती. "बाईचं नाव मीच त्याइच्या कानात टाकलं. लिहून घ्यायचं तं माह्यं घ्या. जळत होतो मी."

धुऱ्यावरून प्रमिलाबाईचा आवाज आला, "भाऊ, राखीले तीन दिवस हायेत. तवरक खड्डा खंदून ठेवजो. हातभर खोल, कमी नाई."

त्या दुपारी रूपराव टोपली घेऊन आपल्याच झाडांखाली वाकले. फळमाशी मंत्राने येत नाही आणि मंत्राने जातही नाही. गळलेली फळे रोज वेचून पुरावी लागतात, सापळे बागभर टांगावे लागतात आणि शेजाऱ्यांनी ते मिळून करावे लागते. वाचकहो, तुमच्या बागेत अळी निघाली, तर कोणत्याही माणसाचे नाव घेण्याआधी एवढेच करा: पायाखालची दोन बोटे माती उकरून पाहा.