साठीपर्यंतची सोळा वर्षं

“मॅडम, याची बेरीज शंभरच यायला पाहिजे का?” नंदानं विचारलं.

जान्हवीनं लॅपटॉपवरून मान वर केली. मुलुंडच्या त्या खासगी हॉस्पिटलात यंदा पहिल्यांदाच कर्मचाऱ्यांची पेन्शनची खाती उघडली जात होती आणि एचआरमधल्या या पोरीला शुक्रवारपर्यंत सगळ्यांचे फॉर्म गोळा करायचे होते.

“हो ना, नंदाताई. शेअर किती टक्के, कंपन्यांचे रोखे किती, सरकारी रोखे किती. तिन्ही मिळून शंभर. पण कशाला डोकं लावताय? सगळ्यांनी ‘ऑटो’वर टिक केलंय. वयाप्रमाणे आपोआप वाटणी होते.”

“पण रोखे म्हणजे काय?”

“म्हणजे तुम्ही उधार देता. कंपनीला, नाहीतर सरकारला. ते तुम्हाला व्याज देतात.”

“मी? सरकारला उधार देणार?” नंदाला हसूच आलं. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. त्यातली एकोणीस वर्षं याच इमारतीच्या तळघरात, ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करण्यात गेली होती. ड्युटी लागायची, युनिफॉर्मचा रंग बदलायचा, जेवणाची सुट्टी मागेपुढे व्हायची. तिला कुणी काही विचारत नसे. आणि हा कागद चक्क विचारत होता, बाई, तुझं काय म्हणणं आहे? तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला. “शुक्रवारी देते.”

कांजूरमार्गच्या घरी तिच्या नवऱ्यानं, दादूनं, चष्मा लावून फॉर्म वाचला. तो शाळेची बस चालवायचा.

“सगळं सरकारीत टाक. विषय संपला. शेअरमध्ये वाट लागते.”

“अहो, पण मी मॅडमना खोदून विचारलं. हातात वर्षं भरपूर असतील तर शेअर चालतात म्हणे. पडले तरी सावरायला वेळ मिळतो. वर्षं थोडी असतील तर सरकारी बरे.”

“मग तुझ्या हातात किती आहेत?”

“साठीपर्यंत सोळा.”

बोलून गेली आणि तिचं तिलाच ते खटकलं. दादूनं चष्मा काढून ठेवला. तिची आई सेहेचाळिसाव्या वर्षी गेली, मावशी एक्कावन्नाव्या. आजीचा तर फोटोसुद्धा नव्हता. तिच्या माहेरच्या बायकांनी साठी बघितलीच नव्हती. श्वेताच्या, म्हणजे लेकीच्या, कॉलेजचा विचार नंदानं केला होता, लग्नाचाही केला होता. स्वतःच्या म्हातारपणाचा विचार कधी मनाला शिवलाच नव्हता. सोळा हा आकडा खरा आहे का, हे कळल्याशिवाय फॉर्म भरायचा तरी कसा?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ईसीजीच्या खोलीत मैत्रिणीकडे, नीलमकडे गेली.

“माझा काढ गं एक.”

नीलम उठलीच. “काय होतंय? छातीत दुखतंय?”

“नाही गं. फॉर्म भरायचाय.”

“फॉर्म भरायला ईसीजी? वेडी झालीस काय?” असं म्हणत तिनं नंदाला आडवं केलं, तारा लावल्या. मशीननं कागदाची पट्टी सोडली. “एकदम झकास आहे, यार. चल, बीपी पण बघू.” बीपी मात्र झकास नव्हता, बराच वाढलेला होता. नीलमनं पुन्हा मोजला, मग हाताला धरून तिला डॉक्टर अनिरुद्धांकडे नेलं.

डॉक्टरांनी स्वतः दोनदा मोजला. “घरात कुणाला होता?”

“माहीत नाही. आई कामावर चक्कर येऊन पडली ती गेलीच. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले.”

“तिचा बीपी कधी मोजला होता?”

“नाही. डोकं दुखायचं तिचं. बाम लावायची.”

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले, मग पुन्हा लिहू लागले. “रोज सकाळी ही एक गोळी. मीठ कमी. रक्त तपासून घ्या आणि पंधरा दिवसांनी परत दाखवा.”

“एवढंच?”

“सध्या तरी एवढंच. पण मनानं गोळी बंद करायची नाही.”

खालच्या मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेऊन ती जिन्यात उभी राहिली. पर्सच्या तळातल्या सुट्ट्या पैशांत भागलं होतं. गोळी मसुराच्या डाळीएवढी. आईच्या कपाळावर आपण बाम चोळायचो, तो वास आणि आईचे मिटलेले डोळे तिला आठवले. कपाळात लिहिलेलं होतं, असं सगळे म्हणाले होते. तीही इतकी वर्षं तेच म्हणत आली होती. वरून कुणीतरी उतरत होतं, तशी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग डोळे पुसून कामावर गेली.

शुक्रवारी तिनं फॉर्म जान्हवीच्या टेबलावर ठेवला. शेअर साठ, कंपन्यांचे रोखे दहा, सरकारी तीस.

“साठ? नंदाताई, वर-खाली होईल हं.”

“होऊ दे. बघेन ना मी. वेळ आहे.”

“आणि हे तीस?”

“ते आमच्या ह्यांच्यासाठी. त्यांना झोप लागायला पाहिजे.”

जान्हवी हसली. “मग दहा कशासाठी?”

“कंपनीला उधार दिल्यावर काय होतं ते बघायचंय,” नंदा म्हणाली, आणि तेही अगदी मनापासून.

त्या संध्याकाळी घरी जाताना ती स्टेशनाबाहेरच्या छोट्या बागेपाशी थांबली. रोज ती या बागेवरून भराभर पुढे जायची. बाकावर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मटाराच्या शेंगा होत्या, दुसरी मोबाइल कानाला लावून कुणाला तरी झापत होती. नंदा बाकाच्या टोकाला टेकली. शेंगावाली जरा सरकली.

“आजी, वय किती तुमचं?”

“चौऱ्याऐंशी लागलं. का गं?”

“काही नाही. मग दिवसभर काय करता तुम्ही?”

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मूठभर शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या आणि म्हणाली, “सोल. सांगते.”