मोटारीची दुपारची बाधा

नागपुरातल्या सदर भागातल्या टॅक्सीअड्ड्यावर मे महिन्याच्या भर दुपारी चाळीसेक माणसं एका उघड्या बॉनेटपुढे हात जोडून उभी होती. मांत्रिक भैरवमहाराजांनी इंजिनावर ओलं भगवं फडकं घातलं, अर्धा तास पुटपुटले आणि गरजले, "लगाव चाबी!" चंपतरावांची टॅक्सी सकाळी निमूट चालायची, दुपारी बंद केली की अडून बसायची. ती चक्क सुरू झाली. जयजयकार झाला.

निदान असं, की गाडीचा मेलेला जुना मालक दुपारी इंजिनात विसाव्याला येतो. एवढं नागपूर सोडून त्याला तापलेलं इंजिनच का आवडावं, हे कुणी विचारलं नाही. बंदोबस्त म्हणून महाराजांनी पुढच्या जाळीवर जाड चुनरी दुहेरी गुंडाळली. तेव्हापासून मालक रोज येऊ लागला.

आठवड्याने चंपतराव बाळंतकळा लागलेल्या लेकीला, गोपिकेला, घेऊन उमरेडहून नागपुरात धंतोलीच्या दवाखान्याकडे निघाले. सोबत सुईण शोभाताई. रेल्वेचं फाटक लागलं, गाडी बंद केली. फाटक उघडलं, गाडी ढिम्म.

"महाराजाले घेऊन येतो!" चंपतराव म्हणाले.

"महाराज सदरले, अन् पोरगी इथं तडफडून राहिली! काहून डोकं फिरलं गा तुमचं? करते काय तो?"

"इंजिनात पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकते, मंत्र म्हणते."

"मंत्र राहू द्या. फडकं द्या."

फडकं नव्हतं. शोभाताईंनी जाळीवरची चुनरीच ओढली.

"कोप होईन ना, बाई!"

"माह्यावर होऊ द्या. पेट्रोलचा पंप कोणता, तेवढं दाखवा."

गाडीला टांगलेल्या छागळीतलं प्यायचं पाणी ओतून चुनरी पंपावर ठेवली. आत गोपिका ओरडली, "बाबा, मालक उतरला नसन तर बसू द्या त्याले, पण गाडी हाणा!" दहाव्या मिनिटाला इंजिन लागलं. नात धंतोलीतच जन्मली.

पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढणं पंपाला जमत नाही. चुनरीने वारा अडवून तो आणखी तापवला. फडक्याने आणि अर्ध्या तासाने तो निवत होता.

दुसऱ्या दुपारी चंपतरावांनी गाडी अड्ड्यावर आणून बंद केली. अडली. महाराज फडकं भिजवू लागले.

"आज नुसता मंत्र म्हणा, महाराज. कोरडा. अन् लगेच चाबी लावू."

महाराजांना एकाएकी कामठीचं काम आठवलं.

वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा. पण आधी त्यातला मंत्र तेवढा काढून बघा, काम अडतं का.