हार घातलेला फोटो

शेजारच्या चतुराबाईचा फोटो मी काढला होता, पण त्याला हार मी घातला नव्हता. परभणीच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा आयोजकांनीच झेंडूचा हार घातला. परीक्षक म्हणाले, "हा आता एका बाईचा फोटो राहिला नाही. ही कला झाली." मला ते खरं वाटलं नाही, आवडलं मात्र.

भिंतीवरच्या त्या फोटोचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मुलाला, चंद्रभानला पाठवला. तो दसऱ्यापासून सांगलीकडे ऊसतोडीला गेलेला. सोबत तीन वाक्यं लिहिली. तिन्हींत फुशारकी वाटली, खोडली. नुसता फोटो गेला.

पंधरा मिनिटांनी उत्तर आलं : "निघालो. म्या येईस्तोवर माती करू नका."

हार घातलेला फोटो आपल्याकडे कुणाचा असतो, हे वाचनालयात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळू नये? फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. चारशे किलोमीटर, मोटारसायकल, डोळ्यांत पाणी आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या.

चतुराबाई दारात तूर पाखडत होती. मी तिला झाला प्रकार सांगितला.

"म्हंजी म्या मेले म्हून कळवलं त्याला?"

"कळवलं नाही, बाई. नुसता फोटो..."

"अण्णा, एवढी बुकं वाचली तुमी. दोन शब्द लिव्हता आले न्हाईत?"

ती हसली. मग हातातलं सूप थांबलं. "लय जोरात हाणतंय ते गाडी," ती म्हणाली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

दुपार गेली. गंगाखेडकडून गाडीचा आवाज आला की आम्ही दोघं उठून उभं राहायचो. त्याच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला फोन केला, तर तो म्हणाला, "सकाळीच गेला की. कवा हाय माती?" मी फोन ठेवला. त्यानंतर कुणाचाही फोन घ्यायची मला भीती वाटू लागली.

दिवस मावळताना मोटारसायकल आली. चंद्रभानने ती उभीसुद्धा केली नाही, तशीच पडू दिली.

"हाय रं मी," चतुराबाई म्हणाली. "बघ, हाय."

तो मातीतच बसला. बऱ्याच वेळाने उठून माझ्याकडे आला. तो मारणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"फोटो दावा, अण्णा. सकाळी धड बघितलाबी न्हाई."

मी मोबाइल दिला. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला.

"आई, अंगठ्याला चिंधी कशाची हाय?"

चतुराबाईने हात पदराखाली घेतला. "इळा लागला व्हता. कवाच बरं झालं."

"दाव."

अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं.

दोन महिने मी तो फोटो रोज पाहत होतो. परीक्षक त्यावर दहा मिनिटं बोलले होते. मला त्यात पदरावरचा उजेड दिसला होता, एवढंच.

घरी आलो. भिंतीवर मी काढलेले आणखी बावीस फोटो आहेत. दिवा लावायचा धीर होईना.