साबुदाण्याच्या डब्यामागे

विश्वनाथरावांनी बूट काढले, पट्टा काढला, मग घड्याळही काढून टेबलावर ठेवलं. दवाखान्यातल्या वजनकाट्यापाशी उभा असलेला मदतनीस नरसिंह हसला.

"अंकल, घड़ी तो मैं माफ कर देता."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं, किल्ल्या काढल्या, स्वतःचा फोन काढला. लाल कव्हरचा दुसरा फोन मात्र चटकन कापडी पिशवीत सरकवला.

वजन मागच्या महिन्यापेक्षा वाढलंच होतं. नरसिंहने आकडा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा सांगितला.

आहारतज्ज्ञ वल्लरी पुण्याची, लग्न होऊन नोएडाला आलेली. आडनाव बघून पहिल्याच भेटीत त्यांना काका म्हणायला लागली होती. आज तिने आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"काका, वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी लिव्हर लहान व्हायला हवं. सर्जनना आत जागाच मिळाली नाही तर ते काय करणार? या वेळी तारीख पुढे ढकलतील. तोवर गुडघे थांबणारेत का तुमचे? आणि शुगर?"

"नाही."

"काकूंना सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं."

"तरी पोळीवर तूप ओततातच?"

विश्वनाथरावांनी मान हलवली.

घरी स्वयंपाक कोण करतं, असं तिने पहिल्या भेटीत विचारलं होतं. "मिसेस," ते म्हणाले होते. जन्मभराच्या सवयीने तोंडून गेलं. कुमुदिनीचं तेव्हा वर्षश्राद्धही व्हायचं होतं. आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते दुरुस्त करणार, तेवढ्यात वल्लरीने विचारलं, "काकू तूप जास्त वाढतात का?" आणि त्यांना ते सोपं वाटलं. "हो ना. ऐकतच नाही." तेव्हापासून दर भेटीला कुमुदिनीच्या नावाने सूचना मिळत होत्या, आणि ते त्या घेऊन गाझियाबादच्या रिकाम्या घरी परतत होते. आज सकाळीही त्यांनी मेट्रो स्टेशनाबाहेर उभ्याउभ्याच कचोऱ्या खाल्ल्या होत्या आणि मिशी पुसून आत आले होते.

"चलो, आज मीच बोलते त्यांच्याशी," वल्लरी म्हणाली. "घरचा म्हणून दिलेला नंबर त्यांचाच ना?"

"नको. ती कामात असेल."

"दोन मिनिटं हो. रागावणार नाही, बिल्कुल नाही."

तिने नंबर लावला. पिशवीतला फोन वाजायला लागला. कुमुदिनीला कमी ऐकू यायचं म्हणून तिने आवाज मोठा ठेवला होता. तो कमी करावासा विश्वनाथरावांना कधी वाटला नव्हता.

वल्लरीने पिशवीकडे पाहिलं आणि एकदम हसली.

"अच्छा! म्हणजे काकू आल्यात बरोबर! आणि बाहेर बसवून ठेवलंत? कमाल करता काका. मी ओरडेन म्हणून का?"

"अगं, थांब…"

पण ती उठली होती. तिने दार उघडलं.

"कुमुदिनीकाकू! या ना आत!"

बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. नरसिंहने विचारलं, "कौन कुमुदिनी, मॅडम?" वल्लरीने आणखी मोठ्याने हाक मारली. किती दिवसांत ते नाव कोणी असं हाक मारून घेतलं नव्हतं. विश्वनाथरावांची नजर दाराकडे गेली. क्षणभर तिथेच राहिली.

मग त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि बंद केला.

"वल्लरी, नको हाक मारूस. ती नाहीये. मागच्या दिवाळीआधी गेली."

वल्लरी दारातच थांबली. तिचा हात कडीवर तसाच राहिला. मग तिने दार हळूच लोटलं, पण खुर्चीकडे आली नाही.

"काका, सॉरी. मला खरंच…"

"ते तूप," विश्वनाथराव म्हणाले. ते पिशवीतल्या, तिने मागच्या वेळी काकूंसाठी लिहून दिलेल्या तक्त्याकडे बघत होते. "ते ती कधी ओतायची नाही गं. लपवून ठेवायची माझ्यापासून. वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यामागे."