लवकर, पण सावकाश

चुर्र! तापलेली फणी तेलकट केसांना लागली आणि अर्लीनच्या स्वयंपाकघरातली शांतता मोडली. एरवी केस सरळ करताना आकांत मांडणारी तिची सात वर्षांची लेक झेनोबिया आज मूर्तीसारखी बसली होती. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत आता काळी मुलंही घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं ना!

“कान दुमडून धर गं,” अर्लीन म्हणाली. “शाळेत उद्याच नाही जायचं.”

“का?”

“न्यायाधीश म्हणालेत, काम लवकर करा, पण सावकाश.”

शेजारच्या कोरामावशी खो खो हसल्या. “आमचे हेसुद्धा छप्पर तसंच दुरुस्त करतायत. लग्न झाल्यापासून!”

झेनोबिया हसली नाही. “आई, मग त्या शाळेत जाईन तेव्हा मी केवढी असेन?”